पाय थांबला की पिक्चर थांबणार

"ब्रेक मार! आरं ब्रेक मार की, हैवाना! पुढं लेकरं हायत!"

मामा ओरडले तेव्हा मी माझ्या तान्ह्या लेकीला, मैत्रीला, ओल्या फडक्याने पुसत होते. आंघोळ नाहीच, नुसतं पुसणं. त्या उन्हाळ्यात लातुरातली बहुतेक लेकरं अशीच स्वच्छ होत होती. दचकून मागे पाहिलं तर टीव्हीवर एक ट्रक घाटातून सुसाट खाली येत होता, आणि खुर्चीत बसलेल्या मामांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला होता. टाच टेकलेली, चवडा खाली, गुडघा ताठ.

तो पाय हिवाळ्यापासून निर्जीव होता.

"मामा," मी म्हणाले, "पाय."

"काय पाय?"

"तुमचा पाय हलला."

त्यांनी खाली वाकून पाहिलं. ट्रक एव्हाना दरीत गेला होता. "मी न्हाई हलवला," ते म्हणाले, कुणी आळ घेतल्यासारखे.

मामा म्हणजे माझे सासरे, लिंबाजी सूर्यवंशी. एसटीचे ड्रायव्हर. लातूर जिल्हा नवा झाला त्या साली ते डेपोत लागले आणि आयुष्यभर लाल गाडी चालवून रिटायर झाले. "आधी कलेक्टरकडं जायचं म्हणलं की उस्मानाबाद गाठावं लागायचं," ते सांगायचे. "जिल्हा हितं आला तवा चाकूरकडचे म्हातारे-कोतारे माझ्या गाडीत बसून नुसतं कलेक्टर हापिस बघायला आले. काम काही न्हाई. बघितलं आन परत." ही गोष्ट मी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ऐकली आणि नंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर पुन्हा ऐकली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे 'पुरे की आता' म्हणणारं घरात कुणी नव्हतं. रिटायर होऊन वर्षही झालं नसेल, एका सकाळी त्यांच्या हातातून चहाची बशी पडली. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, हातही बराचसा आला. पाय आला नाही.

अंथरुणातल्या माणसाला किती पाणी लागतं, ते मला त्या साली कळलं. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. कधी तेही नाही. घरात एक निळा ड्रम होता. त्यातच आमचं पिणं, स्वयंपाक, मैत्रीची दुपटी आणि मामांच्या चादरी. आज दुपटी धुवायची की चादर, हे मी रोज सकाळी ड्रमपाशी उभी राहून ठरवायची. बी.ए.ला माझा अर्थशास्त्र विषय होता. अपुऱ्या साधनांची वाटणी कशी करावी यावर त्यात अख्खा धडा होता, पण चादरीबद्दल काही नव्हतं. धुतलेल्या दुपट्यांचं पाणी चादरीला, चादरीचं पाणी संडासात. आणि एवढं करूनही दुपारी मामा भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात म्हणायचे, "सिंधु, चादर खराब झाली गं."

मग लोह्याहून माझ्या मोठ्या दिरांचा, रामकिशन भावजींचा फोन आला. माझा नवरा सुगत जेवत होता, म्हणून त्याने फोन स्पीकरवर ठेवला. दोघं भाऊ वडलांना दादा म्हणायचे.

"सुगत, भीमजयंती होऊ दे," भावजी म्हणाले. "तवर दादा आपल्या पायानं संडासला जायला लागले तर चांगलंच हाय. न्हाई तर मी त्यांला हिकडं घेऊन येतो. आमच्या बोअरला अजून पाणी हाय. खामखा त्या लेकराचे हाल कामून?"

कुणीच वाईट बोललं नव्हतं. भावजींचं एकही वाक्य मला खोडता आलं नसतं. पण आतल्या खोलीतून खाटेचा आवाज आला, तेव्हा कळलं की मामांनी सगळं ऐकलंय.

दुसऱ्या दिवशी पायाला तेल लावताना ते मला म्हणाले, "रामकिशन चांगला हाय. सूनबी चांगली. पण तिकडं गेलो की मी खाटंवरचा, सिंधु. शेजारीपाजारी येतील, बघतील, जातील. हितं मला अजून लोकं डायवर म्हणतेत."

फिजिओथेरपीच्या मॅडमनी एक पायडलचं यंत्र आणायला लावलं होतं. सायकलीची फक्त पायडलं काढून जमिनीवर ठेवावीत, तसं. खुर्चीत बसायचं, पाय पट्ट्यांनी बांधायचे आणि फिरवायचं. चांगला पाय फिरला की अधू पायालाही फिरावं लागतं. मामांना ते यंत्र बघूनच राग यायचा.

"ही कसली गाडी? कितीबी मारा, जागची हलंना. ना रस्ता, ना पासिंजर, ना गाव." चार फेरे मारायचे आणि थांबायचे. मी विनवायची. सुगत रात्री येऊन चिडायचा. मॅडम म्हणाल्या, जबरदस्तीने होत नसतं, मन लागलं पाहिजे.

त्या ट्रकवाल्या दिवसापर्यंत त्यांचं मन कशात लागेल हे मला सुचलं नव्हतं.

कोपऱ्यावर ईश्वरप्पांचं मोबाइलचं दुकान होतं. पेन ड्राइव्हमध्ये पिक्चर भरून द्यायचे. मी मैत्रीला कडेवर घेऊन गेले.

"मारामारीचे द्या. पाठलाग, घाट, ब्रेक फेल, असले."

ईश्वरप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुमाला, वैनी?"

"मामांना."

"लिंबाजीदादांना? आन म्या आजारी माणसासाठी म्हणून बुद्धवंदना आन भीमगीतं भरून ठिवली की हो!"

"ती पण द्या. पण आधी खून."

नियम मी केला होता. पायडल फिरतंय तोवर पिक्चर चालणार. पाय थांबला की पिक्चर थांबणार. रिमोट माझ्या हातात. पहिल्या दिवशी मामा वैतागले. "कंडक्टरनं घंटी मारावी तसं करून राहिलीस." पण हिरोच्या मागे तीन काळ्या गाड्या लागल्या होत्या. थोडा वेळ त्यांनी दम काढला, मग पाय हलवला. मी बटण दाबलं. गाड्या धावल्या, पाय धावला.

त्यानंतर दुपार म्हटली की खून. वीज असेल तेव्हा टीव्ही, नसेल तेव्हा मोबाइल डब्याला टेकवून. शेजारच्या नीलाबाई निवडायचं धान्य घेऊन यायला लागल्या. पिक्चर एकदा सुरू झाला की त्यांचं तांदळातल्या खड्यांकडे लक्ष राहायचं नाही.

"ह्यो शेजारचाच खुनी हाय बगा," नीलाबाई म्हणायच्या. "लई गोड बोलून राहिला."

"शेजारचा खुनी असतो व्हय?" मामा पाय फिरवता फिरवता. "मग पोलिसाला सांगून तुला आधी धरावं लागंल."

"म्या कवा गोड बोलले?"

"हाव, तेबी खरंच हाय. सुटलीस."

आणि हिरो गाडी चालवायला लागला की मामांना राहवायचं नाही. "उताराला न्यूट्रल करून राहिला! ह्याला लायसन कुणी दिलं? बाजूला घे, म्हशी हायत तितं. सिंधु, ह्याला माझ्या डेपोत लावला असता तर पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता." रागाच्या भरात पाय असा फिरायचा की यंत्र फरशीवर सरकायचं. मैत्री त्या आवाजाला हसायची. ती नुकतीच बसायला लागली होती. तिला मामांच्या समोर चादरीवर ठेवलं की ती त्यांच्या पायाकडे बघत बसायची. मीही बघायची.

मी काळजीखोर आहे, सगळे म्हणतात. खुनाच्या पिक्चरने त्यांचं प्रेशर वाढेल का, हे मी मॅडमना दोनदा विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, बघू द्या, पण तपासत राहा. मी तपासत राहिले. पायाची सूज बघायची, गुडघा किती वाकतो ते बघायची, गोळ्या गिळल्या की तोंड उघडायला लावायची. रात्री झोपेत त्यांचा श्वास ऐकू येतोय ना म्हणून पडदा सरकवायची. एवढी मी त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. ते त्यांच्यासाठी होतं की माझ्या ड्रमासाठी, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

होळीच्या आत ते वॉकर धरून उभे राहिले. गुढीपाडव्याच्या आठवडाभर आधी एका सकाळी त्यांनी मला हाक मारली नाही. मी पोळ्या लाटत होते. फरशीवर वॉकरचा टक-टक आवाज आला. मागे पाहिलं तर मामा संडासाच्या दारापर्यंत पोचले होते. उजवा पाय थोडा ओढत होता, पण पडत होता जागेवर. मी पिठाच्या हातांनी तशीच उभी. मध्ये गेले तर तोल जाईल या भीतीने हललेसुद्धा नाही.

आतून आवाज आला, "दार लोटून घे गं. बघत काय राहिलीस?"

सुगतने त्याच संध्याकाळी लोह्याला फोन लावला. तो एका शिकवणी वर्गाच्या ऑफिसात कामाला होता. पाणी नाही म्हणून होस्टेलची पोरं गावी निघून गेली होती आणि तो दिवसभर रिकाम्या खुर्च्या सांभाळून यायचा. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज मोठा झालेला मी ऐकला. "दादा आपल्या पायानं चालले! एकटे!"

"बरं झालं," भावजी म्हणाले. "बघू. जयंती होऊ दे."

चादरी कोरड्या राहायला लागल्या. मला वाटलं, पाय आला म्हणून. मी ड्रमाच्या झाकणावर हात ठेवून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दुपट्यांसाठी पाणी पुरायला लागलं. एके दिवशी तर मी मैत्रीला खरीखुरी आंघोळ घातली, छोट्या टबात बसवून, आणि ते पाणी फरशी पुसायला वापरलं. मामा खुर्चीत बसून ती आंघोळ बघत होते.

"मामा, पाणी प्या." पायडल झालं की मी तांब्या-पेला त्यांच्याजवळ ठेवायची.

"ठेव तितं. पितो."

पेला नंतर रिकामा असायचा. त्यांचे ओठ फुटलेले होते. पण त्या उन्हाळ्यात ओठ कुणाचे फुटले नव्हते? रेल्वेने पाणी येणार, अशी बातमी टीव्हीवर सारखी सांगत होते.

जयंती चार-पाच दिवसांवर आली होती. गल्लीत पोरं निळ्या पताका लावत होती. दुपारी वीज आली म्हणून मी अर्धवट राहिलेला पिक्चर लावला. नीलाबाई होत्याच. खुनी कोण ते आता कळणार होतं. एक माणूस अंधाऱ्या जिन्याने वर चढत होता, दाराच्या कडीला हात घालत होता. आणि पायडलचा आवाज मंदावला.

मी सवयीने बटण दाबलं. माणसाचा हात कडीवर थांबला.

"मामा, पाय."

पायडल तसंच.

"मामा, फिरवा, नाहीतर लावणार नाही हं."

"रुसले जणू," नीलाबाई म्हणाल्या. "फिरवा हो लवकर दादा, मला भाकरी टाकायच्यात."

मला वाटलं, आज हट्ट करून राहिलेत. परवाही असंच केलं होतं, डोळे मिटून बसले होते आणि मी घाबरून जवळ गेले तर हसले होते. म्हणून मी रिमोट हातात धरून वाट बघत बसले. मैत्री यंत्राच्या पायडलला हात लावायला सरपटत गेली, तिने पट्टी ओढली, आणि मामांचा पाय पट्टीसकट तिच्या हाताच्या दिशेने लोंबला. तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मान एका बाजूला पडली होती. जीभ कोरडी, पांढरी.

रिक्षात मामांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मैत्री नीलाबाईंच्या मांडीवर रडत होती. मी सारखी म्हणत होते, दुसरा झटका आला, माझ्यामुळे आला, त्या पिक्चरने आला.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, झटका नाही. मग माझ्याकडे वळले. "दिवसाला किती पाणी पितात?"

मला त्यांचं प्रेशर तोंडपाठ होतं. गोळ्यांची नावं माहीत होती. गुडघा कुठल्या दिवशी किती वाकला तेही सांगता आलं असतं.

"अंगात पाणीच नाही त्यांच्या," डॉक्टर म्हणाले. "आणि ह्या उन्हात तुम्ही व्यायाम करून घेताय."

नीलाबाई बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "माठात वतायचे गं ते. तू आत गेलीस की पेला उचलायचे, वॉकरला धरून माठापाशी जायचे आन वतायचे. म्या बघितलं व्हतं. मला वाटलं, घरातलं हाय, तुला ठावं असंल."

संध्याकाळपर्यंत सलाईनच्या बाटल्या गेल्या आणि मामांनी डोळे उघडले. वर टांगलेल्या बाटलीकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं.

"हे पाणी रेल्वेचं का गं?"

मला हसू आलं नाही. "मामा, पाणी का नव्हता पीत?"

"पीत व्हतो की. लागंल तेवढं."

"मामा."

ते म्हणाले, "गाडीवर असलो की मी पाणी पीत नव्हतो, पोरी. कुणीच डायवर पीत न्हाई. हिमायतनगरची मुक्कामी गाडी घेऊन निघालं की मग तिकडंच. पासिंजर बसलेले असतेत. आपल्याला लागली म्हणून गाडी थांबवावी का? सवय हाय मला. तरास न्हाई होत."

"आता कुठे गाडी, मामा? कुठे पासिंजर?"

माझ्या मांडीवर मैत्री दमून झोपली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"हायत की," ते म्हणाले.

भावजी रात्रीच्या गाडीने निघून दुसऱ्या दिवशी सकाळी आले. मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर मला भांडता आलं असतं. ते दवाखान्यात वडलांच्या पायाशी बसले, पाय हातात घेऊन दाबून पाहिला. मामांनी अंगठा हलवून दाखवला. भावजींनी सगळी बोटं मोजावीत तशी धरून पाहिली. मग आम्ही व्हरांड्यात आलो.

"भावजी, ते चालतात आता," मी म्हणाले. "तुम्ही म्हणाला होतात, चालायला लागले तर ठीक."

"म्हणलो व्हतो."

"एकटे संडासला जातात. चादर एकदासुद्धा..."

"सिंधु." भावजींनी मला थांबवलं. त्यांचा आवाज मऊ होता. "तुला दोष न्हाई देत मी. तू पोटच्या पोरीनं करावं तसं केलंस. पण तुझ्या घरी दादा पाणी पिणार न्हाईत. तू समोर उभी राहून पाजशील, ते पितील. तू वळलीस की वततील. हे लेकरू समोर हाय तवर ते पिणार न्हाईत. माझ्याकडं बोअर हाय. तितं त्यांला वाचवायला पाणी न्हाई, म्हणून तितं ते पितील."

मी सुगतकडे पाहिलं. तो व्हरांड्याच्या कठड्याला धरून खाली बघत होता. खाली दवाखान्याच्या आवारात बाया रिकाम्या बाटल्या घेऊन नळापाशी बसल्या होत्या. नळ वाहत नव्हता. मला म्हणायचं होतं, आमच्याकडे आहे पाणी, सगळ्यांना पुरेल एवढं आहे. एवढं एकच वाक्य मला पाहिजे होतं, आणि ते खोटं होतं.

मामांनी वाद घातला नाही. जयंतीला त्यांना घरी आणलं होतं. दारापुढून मिरवणूक गेली तेव्हा ते पांढरा सदरा घालून खुर्चीत बसले होते, पोरं येऊन त्यांच्या पाया पडून गेली. दुसऱ्या दिवशी भावजींनी जीप आणली. दोघं भाऊ त्यांना उचलायला वाकले तर मामांनी हात वर केला.

"सरका. मी येतो."

खोलीतून ओसरी, ओसरीतून पायरी, पायरीवरून गल्ली. प्रत्येक पाऊल आधी वॉकर, मग डावा, मग उजवा. उजवा उचलताना ते श्वास धरायचे. गल्लीतली माणसं बाहेर आली होती. ईश्वरप्पा दुकान सोडून आले होते.

"दादा खडखडीत झाले की हो!"

"काय चालून राहिलेत! पयलं नुसते पडून व्हते."

"सुनेनं लई केलं, खरंच."

सगळे खूश होते. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी मैत्रीला घेऊन पायरीवर उभी होते आणि मला लोकांकडे बघून हसावं लागलं. जीपपाशी पोचल्यावर मामा वॉकर धरून उभे राहिले, धाप लागली होती. मैत्रीच्या पायाला बोट लावलं.

"पाऊस पडला की आणून सोडतो तुमाला," भावजी म्हणाले.

"हाव," मामा म्हणाले. बंद झालेल्या गाडीची वेळ विचारणाऱ्या म्हाताऱ्या पासिंजराचं मन राखावं, तसं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "येतो, सिंधु."

"या," मी म्हणाले.

सुगत त्यांच्याबरोबर लोह्यापर्यंत गेला. त्या दिवशी टँकर येणार होता, आला नाही. दिवस मावळता मावळता नीलाबाई कळशी घेऊन दारात उभ्या राहिल्या. आत यायला बिचकत होत्या.

"सिंधु, कळशीभर पाणी हाय का गं जादा? उद्या देते."

मी ड्रमाचं झाकण काढलं. दुपटी सकाळीच धुवून झाली होती. आणखी धुवायचं काही नव्हतं.

"हाय," मी म्हणाले. "घ्या."

त्यांनी कळशी पुढे धरली. मी तांब्याने ओतत राहिले. कळशी काठोकाठ भरली, नीलाबाई "बास, बास" म्हणाल्या, आणि तरी ड्रमात पाणी होतं.